निरोप पोचेपर्यंत

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, राजांच्या वंशावळी असतात. पण निरोप पोचावयास किती वेळ लागला, याचे स्वतंत्र प्रकरण सहसा कोठे आढळत नाही. वास्तविक राज्य म्हणा, रेल्वे म्हणा की कारखाना म्हणा, दुरून चालविलेल्या प्रत्येक कारभाराची सारी मदार या एका गोष्टीवर असते. हुकूम येथून सुटतो, तो तेथे पोचतो, तेथे काही घडते आणि काय घडले याची वार्ता परत येथे येते. या जाण्या-येण्यात जो काळ मोडतो, तेवढ्यात जग थांबून राहिलेले नसते. हाती आलेली बातमी नेहमीच थोडी शिळी असते, आणि शिळ्या बातमीवर ताजा हुकूम सोडावयाचा असतो.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत उष्णता, दाब आणि प्रवाह मोजणारी व आवरणारी उपकरणे जुळविण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. परंतु निरोपाचा हा उशीर आमच्या धंद्यात रोजचा सोबती असल्यामुळे, त्यावर माणसाने वेळोवेळी काय काय उपाय केले हे पाहण्याचा मला नाद लागला. मौज अशी की, या उपायांचा बहुतेक सारा इतिहास आमच्या पिंपरी-चाकणच्या पंचक्रोशीत, फार तर घाटापासून नारायणगावापर्यंतच्या टापूत, बसल्या जागी सापडतो. दिवाळीच्या सुटीत वाचकांना तोच थोडा हिंडवून आणावा म्हणतो.

पहिला मुक्काम चाकणचाच घेऊ. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. पण १६६० साली तेथील संग्रामदुर्ग या भुईकोटाला शाएस्तेखानाचा वेढा पडला होता. किल्ल्यावर फिरंगोजी नरसाळा. शिवाजी महाराज त्या वेळी शेदोनशे मैलांच्या टापूत कोठेही मदतीला येण्याच्या स्थितीत नव्हते. ते पन्हाळ्यात स्वतःच सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते आणि १३ जुलैच्या रात्री तेथून निसटले. म्हणजे एका वेढ्यातून दुसऱ्या वेढ्यात हुकूम जावयाचा! जासूद कितीही चपळ असला तरी त्याने सांगितलेली हकीकत पोचेपर्यंत जुनी व्हावयाचीच. फिरंगोजीने कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. सुमारे पंचावन्न दिवस त्याने कोट झुंजविला. ऑगस्टमध्ये खानाने सुरुंगाने बुरूज उडविला, तेव्हा कोट पडला. पण पावसाळ्याचे जवळजवळ दोन महिने खानाच्या हातून गेले ते गेलेच.

उशिरावरचा हा पहिला आणि सर्वांत जुना उपाय होय: अधिकार निरोपाच्या पलीकडच्या टोकाला ठेवून द्यावयाचा. मात्र असा अधिकार मोकाट सोडून चालत नाही. मराठ्यांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे बरोबरीचे अधिकारी नेमीत, ते याचसाठी. एकाचे मन फिरले तर दुसऱ्याने आवरावे. शिवाय काही हुकूम कायमचे देऊन ठेवलेले असत. रायगडाची हिरकणी आपण लहानपणी ऐकलेली आहे. ती दंतकथा असेल. पण तिच्यातला नियम खरा आहे. सांजेला दरवाजा मिटला की तो सकाळपर्यंत कोणासाठीही उघडावयाचा नाही. संशय आला, कळेनासे झाले, निरोप आला नाही, तर दरवाजा बंदच राहील. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे घाटात तो पुन्हा भेटणार आहे.

उशिराचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, हेही आपल्याच इतिहासात लिहिलेले आहे. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला आणि भाऊसाहेबांची दक्षिणेकडील वाट तुटली. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले खरे, पण हाती असलेली खबर किती जुनी आहे हे कळावयास मार्ग नव्हता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. सुमारे दहा दिवसांनी भेलशाच्या आसपास पेशव्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडले. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक हिशेबात संहाराची वार्ता होती. ते दहा दिवस पेशवे अशा फौजेच्या मदतीला चालले होते, की जी उरलीच नव्हती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

* * *

आता शंभर वर्षे ओलांडून चिंचवडच्या स्टेशनावर येऊ. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मुंबईकडून गाडी खोपोलीपर्यंत येई. मधला बोरघाट उतारू पालखीतून, तट्टावरून नाही तर पायी ओलांडीत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे एका रुळाने जोडले गेले. घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ. चढताना इंजिनाचा ऊर फुटावा आणि उतरताना ब्रेकचा जीव जावा, अशी ती वाट.

आगगाडीने एक नवीनच पेच उभा केला. तोपर्यंत जगात निरोप नेणाराच सर्वांत वेगवान असे. घोडेस्वार फौजेच्या पुढे धावे. आता गाडीच सर्वांत वेगवान झाली. तिच्यापुढे निरोप पाठवावयाचा कसा? इंग्लंडात सुरुवातीला एक भाबडी युक्ती चाले. एक गाडी सोडली की काही मिनिटे थांबावयाचे आणि दुसरी सोडावयाची. पहिली गाडी एवढ्या वेळात पुढे गेली असेलच, असे धरून चालावयाचे. या 'असेलच'ने पुष्कळ बळी घेतले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडात आर्मा गावाजवळ मुलांच्या सहलीची गाडी चढावर अडली. तिचे मागचे डबे सोडविताच ते घरंगळत मागे गेले आणि ठरल्या वेळाने मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ. त्याच वर्षी विलायतेच्या पार्लमेंटाने कायदा करून ही वेळेची पद्धत मोडीत काढली.

तिच्या जागी आली ती तारेची पद्धत. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्यावाचून गाडी सोडावयाची नाही. एकेरी मार्गावर तर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा पडल्याशिवाय चाक हलावयाचे नाही, आणि एक गोळा बाहेर असेतोवर यंत्रातून दुसरा गोळा निघावयाचा नाही. यात फरक कोणता झाला, तो नीट पाहावा. पूर्वी गप्प राहणे म्हणजे परवानगी होती. आता गप्प राहणे म्हणजे मनाई ठरली. निरोप उशिरा आला तर गाडी उशिरा जाईल, पण आदळणार नाही. उशिराची किंमत माणसांच्या प्राणांत देण्याऐवजी मिनिटांत देण्याची सोय झाली. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने रुळांतूनच विजेचा मंद प्रवाह खेळविला. गाडीच्या चाकांनी तो वळला की सिग्नल धोका दाखवी; आणि तार तुटली, बॅटरी संपली, तरीही धोकाच दाखवी. बिघाडसुद्धा मनाईच्याच बाजूने पडावा, अशी ही रचना.

बोरघाटात याचे सर्वांत देखणे रूप आजही पाहावयास मिळते. उतरणीवर ठिकठिकाणी बाजूला चढत जाणारा एक आंधळा फाटा काढलेला आहे. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी तेथे आधी थांबली पाहिजे. थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झाले. मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. न थांबणारी गाडी आपोआप चढावर जाऊन दम टाकते. 'ब्रेक गेले हो!' असा निरोप कोणी कोणाला द्यावयाचा, तो ऐकून कोणी धावावयाचे, ही भानगडच नाही. घाटातून मुंबईला जाताना गाडी रानात उगीचच थांबली म्हणून आपण चुळबुळतो; वास्तविक त्या मिनिटात ती आपल्या प्राणांची हमी देत असते. रायगडाच्या मिटलेल्या दरवाजाचाच हा भाऊ.

या तारेच्या निरोपांबरोबर आणखी एक प्रश्न आला, तो घड्याळाचा. निरोप किती शिळा आहे हे कळावयास तो कधी सुटला हे कळले पाहिजे, आणि त्यासाठी दोन्ही टोकांची घड्याळे एकमेकांशी जुळली पाहिजेत. आपल्याकडे गावोगाव सूर्य वेगळा आणि वेळ वेगळी. रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, मुंबई आपल्या वेळेने. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. पण मुंबईच्या मानी नागरिकांनी आपली एकोणचाळीस मिनिटे मागची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत जिवंत ठेवली. या हट्टाचे आज हसू येते. पण एक घड्याळ ही एका निरोपव्यवस्थेची पहिली अट आहे, हे रेल्वेने आपल्याला शिकविले, एवढे खरे.

* * *

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलीन निघू लागले. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. १९६६ च्या सुमारास टेल्को आली. माळरानावर शेड उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांची मुले 'व्हॉल्व्ह', 'गेज', 'सेटिंग' हे शब्द घरातल्या शब्दांसारखे बोलू लागली. मी कामाला लागलो तेव्हा पुष्कळ कारखान्यांत यंत्रांचे निरोप विजेने नव्हे, तर हवेने जात. तांब्याच्या बारीक नळीतून तीन ते पंधरा पौंड दाबाची हवा सोडीत. तीन म्हणजे शून्य, पंधरा म्हणजे पूर्ण. बॉयलरकडचे उपकरण हवा दाबी आणि कंट्रोल रूममधला काटा हले. शेदोनशे मीटर नळी असली की हवा भरून काटा जागेवर येईपर्यंत काही सेकंद जात. त्यात वाफ तापणे, भांडे तापणे यांचा वेळ निराळाच.

आमचे एक जुने फोरमन होते. त्यांना सारे दादा म्हणत. वाफेच्या सुकवणीवर नवीन पोरगा बसला की तो काटा खाली दिसताच चाक फिरवी. काटा हलेना, म्हणून आणखी फिरवी. मग एकदम उसळी आली की उलटे फिरवी. काटा दिवसभर झोपाळ्यासारखा वर-खाली. दादा मात्र चाक एकदाच फिरवून हात मागे बांधून उभे राहत आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजीत. पोराने विचारले, तर म्हणत, 'पाठवलंयस ते पोचू दे की रे आधी. मग दुसरं पाठव.'

हे शास्त्र आपल्या प्रत्येक घरात आहे. नरकचतुर्दशीची पहाट आठवा. पूर्वी बंबातले कढत पाणी घंगाळात ओतून त्यात विसण घालीत. हात घातला की लगेच कळे, मामला तेथल्या तेथे मिटे. आता बंब गच्चीवर गेला आहे; सूर्याच्या उष्णतेने तापलेले पाणी तीन मजले उतरून न्हाणीघरात यावयाचे. तोटी उघडली की आधी नळात रात्रभर पडून राहिलेले गार पाणी येते. अंगाला तेल-उटणे लावून कुडकुडणारा घाईचा माणूस गरमची तोटी आणखी सोडतो, गारची मिटतो. अर्ध्या-पाऊण मिनिटाने पाठीवर चटका बसतो. मग तो गरम मिटतो, गार सोडतो, आणि पुन्हा कुडकुडतो. तोट्यांत बिघाड नाही, पाण्यात बिघाड नाही. बिघाड इतकाच, की नळातून वाटेवर असलेले पाणी त्याने हिशेबात धरलेले नाही. घरची गृहिणी तोटी ठरावीक खुणेपर्यंत फिरवते आणि बादली खाली लावून दुसऱ्या कामाला लागते. पाणी कोमट होणार हे तिला पाणी येण्यापूर्वीच ठाऊक असते.

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक ऑटो स्मिथ यांनी १९५७ साली हीच गोष्ट गणितात मांडली. त्यांची युक्ती अशी. यंत्राच्या शेजारी त्याची एक कागदी प्रतिकृती चालवावयाची. हुकूम सोडला की तो खऱ्या यंत्राला पोचण्यापूर्वीच प्रतिकृती सांगते, याचा परिणाम अमुक होईल. नियंत्रकाने त्या भाकितावर पुढचा हुकूम ठरवावा, म्हणजे वाटेवरचा हुकूम तो दुसऱ्यांदा सोडणार नाही. आता भाकीतच चुकले तर? त्यासाठी तेच भाकीत मुद्दाम तेवढ्याच उशिराने पुन्हा काढून आलेल्या खऱ्या वार्तेशी ताडून पाहावयाचे. फरक निघेल तेवढीच दुरुस्ती. खालच्या मजल्यावर कोणी तोटी सोडली आणि पाणी कमी आले, तर तो फरक असा पकडला जातो. स्मिथच्या नावाने हा उपाय जगभर ओळखला जातो. मात्र तो वापरणाऱ्याला आपल्या यंत्राचा स्वभाव आणि उशिराची लांबी दोन्ही चांगली माहीत हवीत. उशीरच जर घडोघडी बदलत असेल, तर दादांचे आकडे मोजणेही फुकट जाते.

* * *

चाकणहून नाशिकच्या रस्त्याने पुढे गेले की नारायणगाव लागते. त्या परिसरात आर्वी येथे १९७१ साली भारताचे पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले. त्याला विक्रम साराभाईंचे नाव आहे. परदेशी असलेल्या मुलाशी उपग्रहावरून बोललेल्या आईबापांना तो अनुभव आठवत असेल. 'कसा आहेस?' म्हणावे, पलीकडे शांतता; म्हणून पुन्हा 'कसा आहेस?' म्हणावे, तोच पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यावर आदळावे. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यावयास पाव सेकंद, आणि उत्तरासह अर्धा. एवढ्या अर्ध्या सेकंदाने मायेची माणसे एकमेकांचे बोलणे तोडीत. मग अनुभवाने शिकत: एकाने बोलून पुरते थांबावयाचे.

आर्वीपासून जवळच खोडद. तेथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकी चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. दूरच्या आकाशगंगेची एकच लहर या तीसही तबकड्यांवर निरनिराळ्या क्षणी पडते. तेथून काचतंतूने मध्यवर्ती इमारतीत येते तीही निरनिराळ्या वेळाने, कारण काचेत प्रकाशाला दर किलोमीटरला सेकंदाचे पाच दशलक्षांश लागतात. तीस साक्षीदारांच्या जबान्या एकाच क्षणाच्या म्हणून जुळवावयाच्या, तर काय करावे? येथे घाई करण्याचा इलाजच नाही. जी लहर आधी आली तिला थोपवून धरतात. सर्वांत उशिरा येणारी पोचली, की मग साऱ्यांची गाठ घालतात. आकाश फिरत असल्यामुळे प्रत्येकीला किती थोपवावयाचे हे क्षणोक्षणी नव्याने काढावे लागते.

उशिरावरचा हा सर्वांत सौजन्याचा उपाय. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिल्याने घास उचलू नये, तसा. सर्वांना सारखाच उशीर झाला, की उशीर मोजता येतो; आणि मोजता आला, की तो हिशेबात धरता येतो. जाळ्यातून चालणाऱ्या यंत्रांतही हीच रीत पुष्कळदा पाळतात. लवकर आलेला निरोप मुद्दाम ठरल्या वेळेपर्यंत राखून ठेवतात, म्हणजे कधी लवकर, कधी उशिरा ही धरसोड जाते आणि मागून स्मिथचे गणित लावावयास निश्चित आकडा मिळतो.

* * *

२००९ साली चाकण परिसरात फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. फिरंगोजीच्या कोटाच्या पडक्या भिंतींपासून थोड्याच अंतरावर आज यंत्रमानव मोटारींना डाग देतात. या मोटारीच्या पोटातच एक लहानसे जाळे असते. पूर्वी प्रत्येक दिव्याला, प्रत्येक काट्याला वेगळी तार नेत. तारांचे भेंडोळे माणसाच्या मनगटाएवढे होई. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉइट येथे 'कॅन' नावाची पद्धत जाहीर केली. तीत साऱ्या उपकरणांना मिळून एकच सामाईक तार. मग एकाच वेळी दोघे बोलू लागले तर? प्रत्येक निरोपाला एक क्रमांक दिलेला असतो. लहान क्रमांकाचा निरोप पुढे जातो, मोठ्याचा आपण होऊन गप्प बसतो आणि तार मोकळी होण्याची वाट पाहतो. ब्रेकचा निरोप काच वर घेण्याच्या निरोपासाठी खोळंबत नाही. एक निरोप जावयास साधारण पाव सहस्रांश सेकंद लागतो. पण खालच्या क्रमांकवाल्याला किती थांबावे लागेल, हे त्या वेळी तारेवर किती गर्दी आहे त्यावर ठरते.

नव्या काळाची खरी अडचण ही आहे. हवेच्या नळीतला उशीर मोठा होता, पण इमानी होता. आज सात सेकंद तर उद्याही सात. आताचा उशीर लहान आहे, पण लहरी आहे. निरोप कधी लगेच येतो, कधी रेंगाळतो, कधी हरवतो, कधी मागून सुटलेला आधी पोचतो. म्हणून प्रत्येक निरोपावर सुटल्याची वेळ लिहितात, आणि त्यासाठी साऱ्या कारखान्याची घड्याळे सेकंदाच्या दशलक्षांशाच्या हिशेबात जुळवितात. यासाठी २००२ साली एक आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. 'बॉम्बे टाइम'चा लाड येथे एक क्षणही चालावयाचा नाही!

हे सारे उपाय एकत्र नांदताना पाहावयाचे तर पिंपरीला मेट्रोत बसावे. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारातून स्वारगेटपर्यंत पोचली. ती १८५८ च्या लोहमार्गाशी बऱ्याच अंतरापर्यंत समांतर धावते, पण तिला 'लाइन क्लिअर' लागते ती घडोघडी आणि बिनतारी. प्रत्येक गाडी आपण कोठे आहोत हे सतत कळवीत असते. केंद्र मागच्या गाडीला, तू अमुक बिंदूपर्यंत जा, असा परवाना देते, आणि पुढची गाडी सरकली की तो परवाना लांबतो. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात अकरा मीटर जाते. म्हणजे निरोप अर्धा सेकंद शिळा झाला की अकरा मीटरांचा प्रश्न उभा राहतो. म्हणून हिशेब नेहमी वाइटात वाईट धरून करतात. पुढची गाडी शेवटचा निरोप आला तेथेच उभी आहे असे समजावयाचे. आपली गाडी तेवढ्या अवधीत जास्तीत जास्त पुढे आली आहे असे समजावयाचे. आणि त्यातूनही ब्रेकला अंतर उरले पाहिजे. निरोप यावयाचेच थांबले, तर ठरल्या मुदतीनंतर गाडी आपण होऊन थांबते. कोणाला विचारीत नाही.

वाचकहो, मला वाटते या साऱ्या हकिकतीत एक गोष्ट आपल्या नित्याच्या समजाविरुद्ध जाते. वेग वाढला की उशीर नाहीसा होतो, असे आपण समजतो. तसे कधी झालेले नाही. निरोपाचा वेग वाढला तसतशा त्याच्यावर अवलंबून राहणाऱ्या गोष्टीही वेगवान झाल्या, आणि उशिराचे प्रमाण होते तेथेच राहिले. पानिपताला दहा दिवस घातक ठरले, मेट्रोला एक-दोन सेकंदही पुरेत. शिवाय प्रकाशाच्या वेगापलीकडे कोणाचीच मजल नाही. पुण्याहून जर्मनी साडेसहा-सात हजार किलोमीटर. काचतंतूने सरळ रेषेत निरोप गेला आणि उलट आला, तरी सेकंदाचा पंधरावा भाग जाणारच. सेकंदाला मीटरभर हलणारा यंत्रमानवाचा हात तेवढ्यात सुमारे सात सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. शेजारी कामगाराची बोटे असतील तर सात सेंटिमीटर थोडे नव्हेत. म्हणून मालकी कोठलीही असो, हिशेब कोठेही लिहिले जावोत, हात आवरण्याचा अधिकार चाकणलाच ठेवावा लागतो. तांबड्या रंगाचे थांबविण्याचे बटण यंत्राशेजारी कामगाराच्या हाताशी असते, आणि ते दाबण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ते बटण दाबले म्हणून कामगारावर डोळे वटारणारा साहेब मला जेव्हा जेव्हा भेटला, तेव्हा मी त्याला बोरघाटाच्या सांध्याची गोष्ट ऐकविली आहे. उत्पादनाची दहा मिनिटे गेली तर ती भरून काढता येतात.

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा पृथ्वीवरून निरोप तेथे पोचावयास साडेबारा मिनिटे लागत होती. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी हुकूम काही दिवस आधीच यानाच्या स्मरणात भरून ठेवले होते. इंजिन पेटले, ते यानाने आपल्या आपण पेटविले. येथे बसलेल्यांना ते कळले साडेबारा मिनिटांनी. मधल्या त्या साडेबारा मिनिटांत त्यांच्या हातात काहीच नव्हते. जे करावयाचे ते सारे आधी करून झालेले होते. दूरच्या माणसावर किंवा यंत्रावर भरवसा टाकावयाचा तो असा: आधी नीट शिकवून, आधी मर्यादा आखून, आणि मग निरोप येईपर्यंत स्वस्थ बसून. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे चाकावर हात ठेवून उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारावे.